डॅशबोर्ड सगळ्यांना, माहिती ज्याची त्याला

द्राक्षाचा हंगाम तोंडावर आला की नाशिकच्या निर्यातदारांच्या ऑफिसात डॅशबोर्डची मागणी सुरू होते. आज किती क्रेट आले, कोणत्या केंद्रावर काय भावाने खरेदी झाली, किती माल प्रीकूलिंगला गेला, कंटेनर कधी सुटणार, हे सगळं मालकांना मोबाइलवर हवं असतं. ऑफिसातलं कोणीतरी रात्री जागून पॉवर बीआय किंवा लुकर स्टुडिओ अशा रिपोर्ट करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रिपोर्ट उभा करतं. मालक खूश होतात आणि म्हणतात, "सगळ्यांना लिंक पाठवून दे."

लिंक पाठवण्याआधी जरा थांबा. त्या रिपोर्टाच्या पोटात बागायतदाराचं नाव, गाव, मोबाइल, बँक खातं, प्रत्येकाला दिलेला भाव आणि परदेशी खरेदीदाराने दिलेली किंमत असं सगळं एकत्र असतं. निफाडच्या खरेदी अधिकाऱ्याला दिंडोरीचा भाव कळला की दुसऱ्या दिवशी तो बागेत बोलला जातो. शेतकऱ्याने खातं नंबर दिला तो पट्टीचे पैसे जमा व्हावेत म्हणून, पॅकहाऊसमधल्या प्रत्येकाने तो पाहावा म्हणून दिलेला नाही. ही जबाबदारी रिपोर्ट करणाऱ्याच्या अंगावर येते, आणि नव्याने या कामात आलेल्यांना ती कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवतो: दिंडोरी, निफाड, चांदवड आणि सटाणा अशी चार खरेदी केंद्रं असलेली एक काल्पनिक निर्यात कंपनी. तुम्ही अंबड-सातपूरच्या कारखान्यात असाल तर केंद्राच्या जागी प्लांट आणि बागायतदाराच्या जागी जॉबवर्क करणारा व्हेंडर धरा. लासलगाव-पिंपळगावच्या कांदा व्यापाऱ्यालाही हेच गणित लागू पडतं.

पायरी १: आधी कागद

कॉम्प्युटर उघडण्याआधी एका कागदावर डावीकडे माणसं लिहा आणि वर माहितीचे प्रकार लिहा. माणसं म्हणजे नावं नव्हेत, कामं: खरेदी अधिकारी, पॅकहाऊस सुपरवायझर, अकाउंट, एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशन, मालक, बाहेरचे सीए. माहितीचे प्रकार: वजन आणि ग्रेड, खरेदी भाव, बागायतदाराची ओळख, बँक आणि आधार, रेसिड्यू रिपोर्ट (मालात कीटकनाशकाचा अंश किती याची तपासणी), विक्रीची किंमत, पगार.

आता प्रत्येक चौकटीसाठी एकच प्रश्न विचारा: ही माहिती दिसली नाही तर या माणसाचं कोणतं काम अडेल? पॅकहाऊसच्या सुपरवायझरला लॉट, वजन, ग्रेड आणि रिजेक्शन लागतं. रुपयाचा एकही आकडा लागत नाही. डॉक्युमेंटेशनला अपेडाच्या (शेतमालाच्या निर्यातीची सरकारी संस्था) प्रणालीत नोंदवलेला प्लॉटचा नोंदणी क्रमांक आणि रेसिड्यूचा निकाल लागतो, खरेदीचा भाव नाही. खरेदी अधिकाऱ्याला आपल्या केंद्राचा भाव, वजन आणि बागायतदाराचा मोबाइल लागतो. बँक खातं लागत नाही, कारण पैसे तो सोडत नाही. "असू द्या, कधी लागलं तर" या कारणाने कुठल्याही चौकटीत टिक करू नका. लागलं तर तो मागेल, तेव्हा देता येतं. एकदा दाखवलेलं मात्र परत घेता येत नाही.

हा कागद मालकांसमोर ठेवा आणि त्यावर सही घ्या. कोणाला काय दिसावं हा धंद्याचा निर्णय आहे. तो रिपोर्ट करणाऱ्याने एकट्याने घेऊ नये आणि त्याच्यावर सोपवलाही जाऊ नये. सही असली की "मला का दिसत नाही?" असं कोणी विचारलं तर तुमच्याकडे उत्तर असतं.

पायरी २: नको ते आणूच नका

डॅशबोर्डला आधार क्रमांक कशाला हवा? जवळजवळ कधीच नको असतो. पॉवर क्वेरीत, म्हणजे पॉवर बीआय जिथे सोर्समधून डेटा आणतं तिथेच, तो कॉलम काढून टाका, म्हणजे तो मॉडेलमध्ये (रिपोर्टामागे साठवलेली, एकमेकांना जोडलेली टेबलं) येतच नाही. जो डेटा आलाच नाही त्याला कुलूप लावावं लागत नाही. ओळख पटवण्यापुरतं काही हवंच असेल तर खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक आणा. मास्क्ड आधारमध्ये पहिले आठ अंक झाकून शेवटचे चार ठेवतात, तीच पद्धत. झाकण्याचं काम मात्र सोर्सकडून डेटा आणतानाच करा. पूर्ण नंबर मॉडेलमध्ये ठेवून पडद्यावर चार अंक दाखवले तर पूर्ण नंबर आत असतोच.

याला आता कायद्याचीही बाजू आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. बहुतेक जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. डेटाच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद या कायद्यात आहे. नियमांत झाकलेला डेटा, प्रवेशावर नियंत्रण आणि कोणी काय पाहिलं याच्या नोंदी, हे तिन्ही उपाय आहेत. बागायतदाराचं नाव आणि मोबाइल हा वैयक्तिक डेटाच आहे.

पायरी ३: लपवणं आणि बंद करणं यातला फरक मनात पक्का करा

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: पडद्यावर दिसत नाही याचा अर्थ पोहोचलं नाही असा होत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक गळती इथूनच झाल्या आहेत, आणि कोणाचाही हेतू वाईट नव्हता.

एक्सेलपासून सुरुवात करू. अकाउंटमधून पिव्होट टेबल करून केंद्रांना फाइल पाठवली जाते. पाठवण्याआधी मूळ डेटाची शीट डिलीट केलेली असते, त्यामुळे वाटतं की आता फक्त बेरजा उरल्या. पण पिव्होट टेबल स्वतःजवळ मूळ डेटाची प्रत ठेवतं. कोणीही एकूण बेरजेच्या आकड्यावर डबल-क्लिक केलं की त्या बेरजेमागच्या सगळ्या ओळी नव्या शीटवर उलगडतात, नाव-भावासकट. पाठवायचंच असेल तर ते टेबल कॉपी करून नव्या फाइलमध्ये फक्त व्हॅल्यूज म्हणून पेस्ट करा आणि ती फाइल पाठवा.

गुगल शीटमध्ये लपवलेली शीट व्ह्यूअरला दिसत नाही, पण त्याने फाइलची कॉपी काढली की त्या कॉपीचा मालक तोच, आणि मालकाला सगळं उघडता येतं. प्रोटेक्ट केलेली रेंज चुकून होणारा बदल थांबवते, वाचणं थांबवत नाही. एका शीटमधून दुसऱ्या शीटमध्ये डेटा ओढणाऱ्या इम्पोर्टरेंज या सूत्राबद्दल तर विशेष सावध राहा. दिंडोरीसाठी वेगळी शीट केली, तीत मुख्य शीटमधून फक्त दिंडोरीच्या ओळी आणल्या आणि जोडणीला एकदा "अलाऊ ॲक्सेस" दिला, की त्या दिंडोरीच्या शीटवर एडिटचा अधिकार असलेला कोणीही सूत्रातली रेंज बदलून मुख्य शीटमधला दुसरा कोणताही भाग ओढू शकतो. म्हणून अशा शीटवर केंद्रांना फक्त पाहण्याचा अधिकार द्या.

पॉवर बीआयमध्ये पान लपवता येतं, पण त्या पानाची थेट लिंक असेल तर ते उघडतं. कॉलमवर "हाइड" केलं तर तो यादीतून जातो, पण मॉडेलवर बिल्ड परवानगी (त्यावरून स्वतःचा रिपोर्ट करण्याची मुभा) असलेला माणूस क्वेरी लिहून तो मागवू शकतो. स्लायसरवर (रिपोर्टावरची निवड करायची यादी) "निफाड" निवडून ठेवलं तर समोरचा तो बदलू शकतो. या सोयी रिपोर्ट नीटनेटका दिसावा म्हणून आहेत. सुरक्षेसाठी वेगळी सोय आहे, आता तिकडे वळू.

पायरी ४: पॉवर बीआयमध्ये ओळींवर बंधन

या सोयीचं नाव रो-लेव्हल सिक्युरिटी. कल्पना साधी आहे: डेटा पडद्यावर जाण्याआधीच, पाहणारा कोण आहे ते बघून ओळी गाळल्या जातात. ज्या ओळी त्याच्या नाहीत त्या चार्टात येत नाहीत, बेरजेत येत नाहीत, एक्सपोर्टमध्येही येत नाहीत.

पहिला मार्ग म्हणजे प्रत्येक केंद्राची वेगळी भूमिका, म्हणजे कोणत्या ओळी दिसाव्यात याचा नियम. पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये (रिपोर्ट जिथे बनवतात तो कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम) "मॉडेलिंग" टॅबवर "मॅनेज रोल्स" उघडा, "दिंडोरी" नावाची भूमिका करा आणि केंद्राच्या टेबलवर फिल्टर लावा: केंद्र बरोबर "दिंडोरी". चार केंद्रांना चार भूमिका. शिकायला हे चांगलं आहे, पण पुढच्या हंगामात कळवणला नवं केंद्र उघडलं की पुन्हा डेस्कटॉप, पुन्हा पब्लिश. म्हणून लवकरच दुसऱ्या मार्गावर या.

दुसऱ्या मार्गात एक छोटं टेबल लागतं. त्याला "परवानगी" म्हणू. त्यात दोनच कॉलम: ईमेल आणि केंद्र. एका अधिकाऱ्याकडे दोन केंद्रं असतील तर त्याच्या दोन ओळी, एका केंद्रावर दोन अधिकारी असतील तरी दोन ओळी. मग एकच भूमिका करायची आणि परवानगी टेबलवर फिल्टर लिहायचा: ईमेल बरोबर युजरप्रिन्सिपलनेम. हे फंक्शन लॉगिन केलेल्या माणसाचा ईमेल देतं. युजरनेम नावाचं जवळचं फंक्शन आहे, पण डेस्कटॉपवर ते ईमेलऐवजी डोमेन आणि युजर अशा रूपात उत्तर देऊ शकतं आणि चाचणीत गोंधळ होतो, म्हणून ते टाळा.

आता टेबलांची जोडणी, आणि इथे थोडा वेळ द्या. फिल्टर नैसर्गिकपणे "एक" बाजूकडून "अनेक" बाजूकडे वाहतो. केंद्राच्या मास्टरकडून (प्रत्येक केंद्राची एकच ओळ असलेलं यादीचं टेबल) खरेदीकडे तो आपसूक जातो. पण परवानगी टेबलात एकाच केंद्राच्या अनेक ओळी असू शकतात, म्हणजे ते "अनेक" बाजूला आहे. तिथून केंद्राच्या मास्टरकडे फिल्टर उलटा चढवावा लागतो. त्यासाठी त्या जोडणीत फिल्टरची दिशा "बोथ" करा आणि खालच्या "अप्लाय सिक्युरिटी फिल्टर इन बोथ डायरेक्शन्स" या चौकटीत टिक करा. ती टिक करायची राहून गेली तर भूमिका लावूनही प्रत्येकाला चारही केंद्रं दिसतात.

पुढची अडचण बागायतदारांच्या मास्टरची. खरेदीच्या ओळी गाळल्या गेल्या म्हणून बागायतदारांची यादी गाळली जात नाही, कारण ते टेबल "एक" बाजूला आहे आणि फिल्टर तिकडे चढत नाही. परिणाम असा की निफाडच्या अधिकाऱ्याला खरेदी फक्त निफाडची दिसते, पण नाव निवडण्याच्या स्लायसरमध्ये चारही केंद्रांचे सगळे बागायतदार हजर असतात. स्पर्धक कंपनीला नेमकी हीच यादी हवी असते. एक बागायतदार एकाच केंद्राला माल देत असेल तर जोडणी साखळीसारखी ठेवा: केंद्र, मग बागायतदार, मग खरेदी. केंद्राचा फिल्टर आधी बागायतदारांवर बसेल आणि तिथून खरेदीवर उतरेल.

आणि विक्रीचं टेबल? त्याचा केंद्राशी संबंधच नाही, कारण कंटेनरमध्ये चारही केंद्रांचा माल मिसळतो. जे टेबल फिल्टरच्या वाटेत येत नाही ते भूमिका लावली तरी पूर्ण उघडं राहतं. खरेदी अधिकाऱ्याच्या भूमिकेत विक्रीच्या टेबलवर स्पष्टपणे "फॉल्स" असा फिल्टर लिहा, म्हणजे त्याला त्या टेबलची एकही ओळ मिळणार नाही. मॉडेलमधली सगळी टेबलं एकेक करून तपासा आणि प्रत्येकाबद्दल विचारा: या भूमिकेला हे टेबल कुठून फिल्टर होतंय? उत्तर सापडलं नाही तर ते उघडं आहे असं समजा.

परवानगीचं टेबल न जोडता भूमिकेच्या सूत्रातच लुकअपव्हॅल्यू या फंक्शनने ईमेलवरून केंद्र शोधणारेही बरेच आहेत. त्यात एक खाच आहे. ज्याचा ईमेल यादीत नाही त्याच्यासाठी लुकअप रिकामं उत्तर देतं, आणि रिकामं हे रिकाम्याशी जुळतं. खरेदीच्या टेबलवर असा फिल्टर असेल आणि काही ओळींत केंद्र भरायचं राहिलं असेल तर त्या ओळी त्या अनोळखी माणसाला दिसतात. सूत्रात रिकाम्याची वेगळी अट घाला.

रिपोर्ट पब्लिश झाला की सर्व्हिसमध्ये (पॉवर बीआयची वेबसाइट) त्या मॉडेलच्या, म्हणजे तिथल्या भाषेत सिमँटिक मॉडेलच्या, मेनूत "सिक्युरिटी" उघडा आणि भूमिकेत माणसं घाला. एकेक ईमेल घालण्यापेक्षा सिक्युरिटी ग्रुप घाला. मायक्रोसॉफ्ट ३६५ चे ग्रुप इथे चालत नाहीत. आणि एकाच माणसाला दोन भूमिकांत टाकताना जपून, कारण त्याला दोन्ही भूमिकांची बेरीज दिसते. बंधनं वाढत नाहीत, मोकळीक वाढते.

पायरी ५: कॉलमवर बंधन

खरेदी अधिकाऱ्याला स्वतःच्या केंद्राच्या ओळी हव्यात, पण बँक खात्याचा कॉलम नको. रो-लेव्हल सिक्युरिटी कॉलम गाळत नाही. त्यासाठी ऑब्जेक्ट-लेव्हल सिक्युरिटी आहे. ती बहुतेक जण टॅब्युलर एडिटर या वेगळ्या साधनातून लावतात. ज्या भूमिकेला कॉलम बंद केला त्याच्यासाठी तो कॉलम अस्तित्वातच नसतो. म्हणून तो कॉलम वापरणारा चार्ट आणि त्यावर बेतलेलं मेजर (सूत्राने काढलेला आकडा) त्या माणसाला एरर दाखवतं. ओळींचं बंधन आणि कॉलमचं बंधन एकाच माणसाला लावायचं असेल तर दोन्ही एकाच भूमिकेत ठेवा. वेगवेगळ्या भूमिकांमधून दोन्ही जुळवता येत नाहीत.

नवख्यांना माझा सल्ला वेगळा आहे: अकाउंटसाठी वेगळं मॉडेल करा. बँक खाती, पगार आणि विक्रीची किंमत त्या मॉडेलमध्ये ठेवा, वेगळ्या वर्कस्पेसमध्ये (सर्व्हिसवर रिपोर्ट आणि मॉडेल ठेवायची सामाईक जागा). केंद्रांच्या मॉडेलमध्ये ते कॉलम येऊच देऊ नका. दोन मॉडेल सांभाळायचा त्रास आहे खरा, पण चुकीला जागा फार कमी उरते.

लुकर स्टुडिओ वापरत असाल तर

डेटा सोर्स "ओनर्स क्रेडेन्शियल्स"वर असेल तर रिपोर्ट पाहणारा प्रत्येक जण तुमच्या अधिकाराने डेटा पाहतो. तिथे डेटा सोर्समध्ये "फिल्टर बाय ईमेल" चालू करा आणि ईमेलचा कॉलम निवडा. पाहणाऱ्याला गुगल लॉगिन करून आपला ईमेल वापरायला संमती द्यावी लागते, मग त्याला फक्त त्याच्या ओळी मिळतात. यात एका ओळीवर एकच ईमेल बसतो. एखादी ओळ खरेदी अधिकारी आणि मालक अशा दोघांना दाखवायची असेल तर तीच ओळ दोनदा ठेवावी लागते, आणि मग ज्या सोर्सवर हा फिल्टर नाही तिथे बेरजा दुप्पट येतात. मालकांसाठी वेगळा डेटा सोर्स ठेवणं सोपं. शेअरिंगच्या सेटिंगमध्ये व्ह्यूअरसाठी डाउनलोड, प्रिंट आणि कॉपी बंद करण्याचा पर्यायही आहे, तो निवडा.

कंपनीचा डेटा स्वतःच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये असेल तर ९.५ आवृत्तीपासून ओळींची बंधनं थेट टेबलवर लावता येतात. लक्षात ठेवा, टेबलचा मालक असलेला युजर त्या बंधनातून सुटतो, त्याच्यावरही लावायचं असेल तर ते "फोर्स" करावं लागतं. रिपोर्टची जोडणी त्याच मालक-युजरने केलेली असेल तर सगळी मेहनत वाया. डॅशबोर्डच्या इतर सॉफ्टवेअरपैकी सुपरसेटमध्ये ओळींच्या बंधनाची सोय मोफत आवृत्तीत आहे, मेटाबेसमध्ये पैसे भरलेल्या आवृत्तीत.

पायरी ६: बेरीज आणि सरासरी

हा भाग फार कमी लोक पाहतात, आणि भाव फुटतो तो बऱ्याचदा इथूनच. अधिकाऱ्यांना चुरस वाटावी म्हणून मालक सांगतात, "कंपनीची सरासरी पण दाखव." ओळींचं बंधन लागलं की ती सरासरी केंद्रापुरतीच येते, म्हणून कोणीतरी एक वेगळं, कशालाच न जोडलेलं बेरजांचं टेबल आणतं. आता समजा हंगामाच्या सुरुवातीला दोनच केंद्रं चालू आहेत. पडद्यावर दिसतं: कंपनीची खरेदी ४०० टन, सरासरी भाव किलोला ८० रुपये. दिंडोरीच्या अधिकाऱ्याला स्वतःचं माहीत आहे: २५० टन, ८४ रुपये. कंपनीचे एकूण ३ कोटी २० लाख, त्याचे २ कोटी १० लाख, उरले १ कोटी १० लाख, उरलेलं वजन १५० टन. भागाकार केला की दुसऱ्या केंद्राचा भाव ७३ रुपये ३३ पैसे, हातात. कुठलंही कुलूप तोडावं लागलं नाही.

गावनिहाय सरासरीतही हेच होतं. एखाद्या गावात काळ्या वाणाचा माल देणारा एकच बागायतदार असेल तर गावाची सरासरी म्हणजे त्याचाच भाव, आणि पूर्ण गावाला ते माहीत असतं. म्हणून नियम ठरवा: गटात किमान पाच बागायतदार नसतील तर सरासरी दाखवायची नाही, मेजरमध्येच रिकामं उत्तर द्यायचं. पाच हा आकडा मी कामापुरता धरतो, तुमच्या मालकांशी बोलून कमी-जास्त करा. केंद्रांची तुलना दाखवायचीच असेल तर भावाऐवजी रिजेक्शनची टक्केवारी दाखवा. चुरस त्यातही लागते आणि बागायतदाराचं नुकसान होत नाही.

पायरी ७: मागची दारं

पॉवर बीआयच्या वर्कस्पेसमध्ये ॲडमिन, मेंबर, कॉन्ट्रिब्युटर आणि व्ह्यूअर अशा चार वेगळ्या भूमिका असतात. ओळींचं बंधन फक्त व्ह्यूअरला लागतं. पहिल्या तिघांना सगळं दिसतं. "त्याला उघडत नाहीये" अशी तक्रार आली आणि घाईत त्याला मेंबर करून टाकलं की तुमची परवानगीची यादी त्याच्यापुरती रद्द झाली. तक्रार पायरी ४ मधल्या भूमिकेतून सोडवा, वर्कस्पेसमधून नव्हे.

पीबीआयएक्स फाइल, म्हणजे डेस्कटॉपमध्ये सेव्ह होणारी रिपोर्टची मूळ फाइल, कोणाला पाठवू नका. इम्पोर्ट केलेला सगळा डेटा तिच्यात असतो आणि डेस्कटॉपवर उघडणाऱ्याला भूमिका आडव्या येत नाहीत.

"पब्लिश टू वेब" म्हणजे सर्व जगासाठी खुलं, लॉगिनशिवाय. कंपनीच्या ॲडमिनला सांगून तो पर्याय बंदच करून घ्या.

ईमेलने रोज आपोआप जाणारा रिपोर्ट ज्याने सबस्क्रिप्शन लावलं त्याच्या नजरेतून तयार होतो. मालकांच्या लॉगिनमधून सबस्क्रिप्शन लावून चार केंद्रांना पाठवलं तर चौघांना मालकांचं चित्र मिळतं.

मूळ सोर्सही पाहा. डॅशबोर्डला कुलूप आणि ज्या गुगल शीटमधून डेटा येतो ती मात्र "लिंक असलेल्या कोणालाही" उघडी, असं चित्र सर्रास दिसतं. टॅलीतून रोज निघणारी एक्सेल फाइल ज्या शेअर्ड फोल्डरमध्ये पडते, तो फोल्डरही तपासा.

आता सगळ्यात अवघड दार: एकच लॉगिन पाच जणांनी वापरणं. परवान्याचा खर्च वाचवायला पॅकहाऊसचा एक आयडी असतो आणि पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला असतो. ओळींचं बंधन माणसाच्या ओळखीवर चालतं. ओळखच एक असेल तर ते कोणाला काय गाळणार? प्रत्येकासाठी परवाना घेणं जमत नसेल तर केंद्रनिहाय डेटा आधीच वेगळा करून प्रत्येक केंद्राची वेगळी पीडीएफ रोज पाठवा. ती कमी देखणी असेल, पण सामाईक लॉगिनपेक्षा कितीतरी बरी. व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट फिरणार, ते कोणतंही सॉफ्टवेअर थांबवू शकत नाही. ज्याला जेवढं दिसायला हवं तेवढंच त्याच्या पडद्यावर असेल, तर स्क्रीनशॉटमधूनही तेवढंच बाहेर जाईल.

पायरी ८: चाचणी

डेस्कटॉपमध्ये "व्ह्यू ॲज" आहे. त्यात भूमिका निवडा आणि "अदर युजर"मध्ये अधिकाऱ्याचा ईमेल टाका. चार केंद्रांचे चार ईमेल, मग यादीत नसलेला एक ईमेल, मग दोन केंद्रं असलेल्याचा ईमेल. प्रत्येक वेळी फक्त चार्ट पाहू नका: स्लायसरची यादी उघडा, टूलटिपवर बोट ठेवा, ड्रिलथ्रू करा (एखाद्या आकड्यावरून त्याच्या तपशिलाच्या पानावर जा), एक्सपोर्ट काढून एक्सेलमध्ये ओळी मोजा. रिपोर्ट सेटिंगमध्ये एक्सपोर्ट पूर्ण बंद ठेवता येतो किंवा फक्त सारांशापुरता ठेवता येतो. केंद्रांसाठी सारांशापुरताच पुरे.

नंतर खऱ्या माणसाच्या खऱ्या मोबाइलवर पाहा. अधिकाऱ्याला शेजारी बसवा आणि त्याच्याच लॉगिनने उघडा. डेस्कटॉपवर चालणारी गोष्ट इथे अडते ती बहुधा ईमेलमुळे: यादीत जीमेलचा पत्ता आणि लॉगिन कंपनीच्या पत्त्याने, किंवा ईमेलच्या आधी राहिलेली एक मोकळी जागा.

केंद्रांची बेरीज मालकांच्या बेरजेशी जुळत नसेल तर घाबरू नका. ज्या खरेदीत केंद्र भरायचं राहिलं आहे ती कोणत्याच अधिकाऱ्याला दिसत नाही, मालकांना दिसते. नोंद दुरुस्त करा. बेरीज जुळावी म्हणून फिल्टर सैल करू नका.

पायरी ९: रोजचं सांभाळणं

परवानगीची यादी एकाच माणसाच्या ताब्यात द्या आणि बदल फक्त लेखी निरोपावर करा. आमच्याकडे माणसं हंगामी असतात. एप्रिलमध्ये माल संपला की अर्धी टीम जाते, आणि त्यातले काही पुढच्या जानेवारीत दुसऱ्या निर्यातदाराकडे दिसतात. माणसाचा हिशेब पूर्ण करतानाच त्याचं नाव यादीतून काढा, त्याच दिवशी. दर तीन महिन्यांनी यादी आणि सही केलेला कागद समोरासमोर ठेवून जुळवा. कोणी कधी काय उघडलं याच्या नोंदी सर्व्हिस ठेवते. ॲडमिनला सांगून त्या वेळोवेळी उतरवून ठेवा, कारण नव्या नियमांत अशा नोंदी किमान एक वर्ष जपायला सांगितलं आहे.

आणि गळती झालीच तर? आधी शेअर केलेला ॲक्सेस काढा, मग नोंदींत पाहा की कोणी काय उघडलं आणि काय एक्सपोर्ट केलं, मग मालकांना सांगा, लगेच, रात्र असली तरी. वैयक्तिक डेटा फुटला असेल तर नियमांप्रमाणे ज्यांचा डेटा आहे त्यांना विनाविलंब कळवायचं आहे आणि डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशीलवार माहिती द्यायची आहे. बागायतदाराला फोन करून साध्या मराठीत सांगा की त्याची कोणती माहिती बाहेर गेली, खात्यावर काय लक्ष ठेवावं आणि कंपनीत कोणाशी बोलावं. तो फोन मालकांनी स्वतः करावा.